भामरे नानांचा सहावा अर्ज

विद्यापीठाकडे संशोधनासाठी पैसे मागायला गेलं की पैसे मिळतील की नाही ते सांगता येत नाही, पण किस्से मिळतातच. आणि त्यांचं एक बरं असतं. त्यांना तीन कोटेशनं लागत नाहीत, वर्षाअखेर हिशोब द्यावा लागत नाही आणि उरले तर परतही करावे लागत नाहीत. आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजात गेल्या सहा वर्षांत असे इतके साठलेत की स्टाफरूमच्या कपाटात ठेवायचे म्हटले तर दार लागणार नाही. त्यातले निम्मे भामरे नानांचे आहेत. उरलेले निम्मे नानांमुळे आमच्यावर गुदरलेले.

नाना म्हणजे फिजिक्सचे भामरे सर. वयाने आमच्यात मोठे, म्हणून सगळ्यांचे नाना. मी केमिस्ट्रीची. आमच्या दोघांच्या टेबलांमध्ये एक माठ आणि कॉमर्सचे चौधरी सर. माठ गार असतो, चौधरी सर नसतात.

नानांचा विषय एकच, धाब्याची घरं. आपल्याकडे खेड्यात अजून आहेत तशी. वर पत्रा नाही, कौल नाही. लाकडी सऱ्या, त्यांच्यावर काटक्या आणि पाला, त्यावर मातीचा हातभर थर. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना या घरात माणूस पंख्याशिवाय दुपारचा झोपतो. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत तो बसूसुद्धा शकत नाही. नानांना हे नुसतं सांगायचं नव्हतं, मोजून दाखवायचं होतं. फरक किती, कशामुळे, आणि नवीन घरकुलं बांधताना त्यातलं काय घेता येईल. त्यासाठी त्यांना विद्यापीठाचा छोटा संशोधन निधी हवा होता. त्यांना तो पाच वर्षं मिळाला नाही.

आणि मला पहिल्याच अर्जात मिळाला होता. विषय विचारू नका, पूर्ण शीर्षक आता मलाही आठवत नाही. निकाल लागला त्या दिवशी नाना पेढे घेऊन आले. माझ्या मंजुरीचे पेढे त्यांनी वाटले, स्वतःचा अर्ज त्याच यादीत नामंजूर झालेला असताना. तेव्हापासून मला त्यांच्या नजरेला नजर देताना जरा जडच जातं.

०००

पहिल्या वर्षी नानांच्या अर्जावर शेरा आला, ‘विषय फारच स्थानिक आहे.’

नाना समजूतदार माणूस. दुसऱ्या वर्षी त्यांनी अर्जात राजस्थान घातलं, कच्छ घातलं, मातीच्या घरांचा सगळा देश फिरवून आणला. शेरा आला, ‘स्थानिक गरजांशी संबंध स्पष्ट होत नाही.’

तिसऱ्या वर्षी तर कहर झाला. शीर्षकात ‘घर’ शब्द बघून कुणीतरी फाइल गृहविज्ञानाच्या गटात टाकली. नाना जळगावला विद्यापीठात मुलाखतीला गेले, तर समोर आहारशास्त्राच्या दोन तज्ज्ञ मॅडम. त्यांनी तरी काय करावं? त्यांनी विचारलं, “या घरात स्वयंपाकाचा ओटा कोणत्या दिशेला असतो?”

नाना म्हणाले, “मॅडम, ओटा नसतो. चूल असते.”

“मग धुराचं काय?”

नाना परत आले आणि गाडीवरून उतरायच्या आधीच मला म्हणाले, “ताई, प्रश्न चांगला होता. धुराचं आपण काहीच धरलेलं नाही.” आणि चौथ्या अर्जात त्यांनी धूर घातला. चौथ्या वर्षीच्या समितीत भौतिकशास्त्राचे लोक होते. त्यांनी शेरा दिला, ‘धुराचा विषयाशी संबंध नाही.’

पाचव्या वर्षी शेराच आला नाही. नुसतं ‘नामंजूर’. नानांना त्याचं सगळ्यात वाईट वाटलं. “निदान काय चुकलं ते तरी सांगायचं,” एवढंच म्हणाले आणि प्रॅक्टिकल घ्यायला निघून गेले.

०००

सहाव्या अर्जाच्या वेळी हेडक्लार्क सोनवणे भाऊसाहेबांनी नानांचं सर्व्हिस बुक उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला. भाऊसाहेबांनी चष्मा वर चढवला की समजायचं, काहीतरी निघालं.

“सर, नियम बदललाय. मंजुरीच्या दिवशी निवृत्तीला पूर्ण दोन वर्षं शिल्लक पाहिजेत.”

“मग आहेत की.”

“तुमची जन्मतारीख एक जून. एक तारखेचा माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. तुम्ही दोन वर्षांनी एकतीस मेला. म्हणजे ह्या एकतीस मेच्या आत मंजुरी आली तर आली. नाहीतर विषय संपला.”

आता ही एक जूनची भानगड आमच्या भागात कुणाला सांगायला नको. शाळेत नाव घालायला आई-बाप पोराला घेऊन गेले की गुरुजी विचारायचे, कधीचा जन्म? आई सांगायची, पाऊस फार होता, म्हैस व्याली होती. गुरुजी पोराला एक नजर बघायचे आणि लिहायचे, एक जून. आमच्या कॉलेजातले सगळे वरिष्ठ प्राध्यापक एक जूनला जन्मलेत. वाढदिवसाला केक एकच आणतो, सुऱ्या मात्र जास्त लागतात.

नाना म्हणाले, “भाऊसाहेब, माझा जन्म खरा तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आई सांगायची. म्हणजे तीन महिने मला जास्तीचे आहेत.”

भाऊसाहेबांनी चष्मा खाली घेतला. “सर, आईचं म्हणणं मला मान्य आहे. पण सर्व्हिस बुकात गुरुजींचं चालतं.”

चौधरी सर तिथेच उभे होते. ते म्हणाले, “गुरुजींनी तुम्हाला तीन महिने आधी जन्माला घातलं नाना. आता तीन महिने आधी घरी पाठवतील.” सगळे हसले, नानाही हसले. पण स्टाफरूममध्ये आल्यावर त्यांनी माठातलं पाणी घेतलं आणि ग्लास न पिताच टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “ताई, एवढा एकच अर्ज राहिला.”

मी त्याच दिवशी सहसंशोधक म्हणून सही केली. फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये केमिस्ट्रीवाली काय करणार, असं चौधरी सरांनी विचारलं. मी म्हटलं, माती तर आहे ना त्यात, मातीत केमिस्ट्रीच असते. खरं सांगायचं तर मला ते पेढे आठवत होते.

०००

अर्जाला एक नवीन कागद जोडायचा होता. मजकूर कुठून उचललेला नाही, असं ग्रंथालयाचं प्रमाणपत्र. कॉम्प्युटरमध्ये अर्ज टाकायचा, तो सगळीकडे शोधतो आणि किती टक्के साम्य आहे ते सांगतो. थोडंफार चालतं.

नानांचा अर्ज टाकला. ग्रंथपाल मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं, मग नानांकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. त्या बिचाऱ्या नानांच्याच विद्यार्थिनी. आवाज खाली आणून म्हणाल्या, “सर, नव्वद टक्क्यांच्या वर आलंय.”

नानांचा चेहरा उतरला. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला कॉपीत पकडल्यावर कसं वाटेल? मीही घाबरले. म्हटलं, “कुठून सापडलं ते तरी बघा.”

त्यांनी यादी उघडली. पहिला स्रोत, भामरे, पहिल्या वर्षीचा अर्ज. दुसरा स्रोत, भामरे, दुसऱ्या वर्षीचा अर्ज. असे ओळीने पाच. विद्यापीठाने नामंजूर केलेले सगळे अर्ज नीट जपून ठेवले होते, आणि कॉम्प्युटरने ते शोधून काढले होते. एवढं लक्षपूर्वक नानांचं लिखाण आजपर्यंत कोणीच वाचलं नव्हतं.

“मग आता?” नानांनी विचारलं.

“सर, तुम्ही तुमचं उचललेलं आहे. मूळ लेखकाची लेखी परवानगी लागेल.”

नाना तिथेच बसले, कोरा कागद मागून घेतला आणि स्वतःला परवानगीचं पत्र लिहिलं. ‘माझ्या अर्जातील मजकूर वापरण्यास माझी हरकत नाही.’ खाली सही. ग्रंथपाल मॅडमनी ते घेतलंही असतं, पण प्राचार्यांनी परत पाठवलं. म्हणाले, अर्जदार आणि परवानगी देणारा एकच असेल तर तिसऱ्या माणसाची साक्ष हवी.

शेवटी आम्ही सगळा अर्ज नव्याने लिहायला बसलो. आठ दिवस लागले. आणि लिहिता लिहिता नाना एकदा थांबून म्हणाले, “ताई, पाच वर्षं मी तीच वाक्यं पाठवत होतो. आकडा एकही नव्हता माझ्याकडे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही नामंजूर केला असता.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या पैशाने काचेचे थर्मामीटर आणले.

०००

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी माझ्या माहेरच्या नात्यातलं एक गाव आहे. तिथल्या एका गल्लीत समोरासमोर धाब्याची आणि पत्र्याची घरं. मोजायला याहून चांगली जागा नाही. नानांनी घरोघर थर्मामीटर टांगले आणि शाळेत जाणाऱ्या मुलींना वही देऊन आकडे लिहायला शिकवलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा.

पहिल्या पंधरवड्याचे आकडे आले आणि नाना खुर्चीतून उठूनच उभे राहिले. गल्लीच्या टोकाला एका अक्कांचं घर होतं. ते बाकीच्या धाब्याच्या घरांपेक्षाही सहा-सात अंशांनी गार! नाना मला म्हणाले, “ताई, त्या मातीत काहीतरी आहे. तुमची केमिस्ट्री कामाला आली.” मी बाटल्या घेतल्या, मातीचे नमुने आणायची तयारी केली. पुढच्या आठवड्यात आणखी गंमत झाली. अक्कांच्या शेजारचं घरही गार झालं. मग त्याच्या शेजारचं. आणि मग समोरचं पत्र्याचंसुद्धा.

तेव्हा नानांच्या मनात पाल चुकचुकली. रविवारी आम्ही एसटीने गाव गाठलं. अक्कांच्या ओसरीत थर्मामीटर होता तिथेच होता. फक्त त्याला खालून वरपर्यंत ओलं फडकं गुंडाळलेलं होतं, अगदी निगुतीने, तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसं. आकडे वाचण्यापुरती तेवढी फट ठेवलेली.

“अक्का, हे काय?”

अक्का म्हणाल्या, “काचनं शे ना भाऊ. इतला ऊनमा तडकी जाई. मी रोज वलं फडकं गुंडाळी देस त्याले.” वर अभिमानाने हेही सांगितलं की गल्लीत बाकीच्यांनी तसेच उघडे ठेवले होते, तेव्हा त्यांनीच घरोघर जाऊन बायकांना सुनावलं. सरांनी विश्वासाने दिलेली वस्तू, ती फुटली तर काय तोंड दाखवायचं? आता बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या गल्लीत फडकी होती.

मला रडू येईल की काय असं झालं. मार्च गेला होता, एप्रिलचा पहिला पंधरवडा गेला होता. अर्ज द्यायला जेमतेम आठ दिवस. सगळी वही फुकट.

नाना फडक्याकडे बघत उभे होते. मग हळूच हसायला लागले. “ताई, अक्कांनी वेट बल्ब केलाय.”

“काय?”

“ओल्या फडक्याचा थर्मामीटर. हवेत किती ओल आहे ते यावरून कळतं. नुसत्या आकड्यावरून उन्हाळा कळत नाही, माणसाचा घाम वाळतो की नाही तेही बघावं लागतं. मी तीस वर्षं पोरांना शिकवतोय, आणि अर्जात घालायचं मला सुचलं नाही.” ते अक्कांकडे वळले. “अक्का, आजपासून दोन थर्मामीटर. एकाला फडकं बांधा, तुम्ही बांधता तस्संच. दुसऱ्याला नाही.”

अक्कांनी दुसऱ्या थर्मामीटरकडे फार वाईट नजरेने बघितलं. “त्यानं काय पाप करं?”

परत येताना चौधरी सरांचा फोन आला. त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, “अहो, जुने आकडे तसेच ठेवा की. धाब्याचं घर इतकं गार दिसतंय, समितीला आणखी काय पाहिजे? फडकं कोण बघायला जाणार आहे?”

नाना म्हणाले, “चौधरी, ओलं फडकं गार असतं हे सिद्ध करायला मी कशाला पाहिजे? ते अक्कांना माहीत आहे.” फोन ठेवला आणि एसटीच्या खिडकीला डोकं टेकून मस्त झोपले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं निवांत पाहिलं नव्हतं.

०००

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. ऑनलाइन भरून झाला की त्याच्या पाच छापील प्रती जळगावला हातात नेऊन द्यायच्या असतात. याला आमच्याकडे पेपरलेस म्हणतात.

धुळ्याहून जळगावला नाना आणि मी बसने निघालो. पाच प्रती, छान स्पायरल बाइंडिंग केलेल्या. नानांनी मला आत बसवलं, पिशवीला खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला अर्धवट टेकले. कंडक्टर म्हणाला, “बाबा, पिशवी मांडीवर घ्या.” नाना म्हणाले, “तिचं तिकीट काढू का?”

विद्यापीठात विज्ञानाच्या खिडकीवर सांगितलं, “स्पायरल चालत नाही. स्टेपल करून आणा. स्पायरलला फाइलची भोकं पाडता येत नाहीत.”

नाना पायरीवर बसले आणि एकेक तार उकलायला लागले. शेजारी एक इतिहासाच्या मॅडम रडवेल्या होऊन बसलेल्या. त्यांच्या पाच प्रती स्टेपल केलेल्या होत्या आणि त्यांना कला शाखेच्या खिडकीवर सांगितलं होतं, “स्टेपल चालत नाही. स्पायरल करून आणा. पानं सुटतात.”

नानांनी आपल्या पाचही तारा आणि वरची प्लास्टिकची कव्हरं त्यांना देऊन टाकली. मॅडमनी त्यांच्या पिना काढून, सरळ करून नानांना दिल्या. त्या पिना पुन्हा कशा मारणार होत्या कोण जाणे, पण नानांनी त्या खिशात ठेवल्या. म्हणाले, “नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल.” मग दोघंही एकाच झेरॉक्सच्या दुकानात गेले. तासाभराने दोन्ही खिडक्यांनी दोन्ही अर्ज घेतले.

बसमध्ये बसल्यावर नाना म्हणाले, “अर्जात एक रकाना होता ना, इतर विद्याशाखांशी सहकार्य? तो आपण रिकामाच सोडला.”

०००

मुलाखतीची तारीख लागली मेच्या पहिल्या आठवड्यात. मग पुढे गेली, कारण बाहेरचे एक तज्ज्ञ आजारी पडले. मग आणखी पुढे गेली, कारण तज्ज्ञ बरे झाले पण हॉल मिळेना. सोनवणे भाऊसाहेब रोज सकाळी ऑफिसातल्या कॅलेंडरचं पान फाडायचे. विसाव्या तारखेनंतर त्यांनी पान फाडणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, “सरांच्या डोळ्यांसमोर कशाला?”

असा आमचा हा करडा हेडक्लार्क. त्या आठवड्यात त्यांनी विद्यापीठात किती फोन केले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण एकदा मी ऑफिसात गेले तेव्हा ते फोनवर म्हणत होते, “नियमाचं मला नका सांगू साहेब, नियम मीच सांगत असतो लोकांना. तारीख सांगा.”

नाना मात्र शांत होते. एके दिवशी त्यांनी सगळ्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. “ताई, नाही झालं तर पुढच्या वर्षी तुमच्या नावाने अर्ज करा. माझं नाव नको. आकडे वाया जायला नकोत.”

मी म्हटलं, “नाना, वह्या उचला आधी. त्या तुम्हीच घेऊन जायच्या आहेत.” माझा आवाज जरा चढलाच.  चौधरी सरांनी उठून वह्या पुन्हा नानांच्या टेबलावर ठेवल्या.

सव्वीस तारखेला भाऊसाहेब स्टाफरूमच्या दारात आले. चष्मा जागेवर होता. “अठ्ठावीस मे. दुपारी. मंजुरीवर त्याच दिवशी सही होणार, मी विचारून घेतलंय.”

०००

अठ्ठावीस मेला आम्ही दोघं जळगावला पोचलो. मुलाखती वरच्या मजल्यावर. वर थेट स्लॅब, तिन्ही बाजूंना काचा, आणि भिंतीवर भलामोठा एसी. बंद.

एसी बिघडला नव्हता. त्याचा रिमोट कपाटात होता. कोणीही उगाच एसी चालवू नये म्हणून तिथले एक काटेकोर कर्मचारी रिमोट कुलपात ठेवत असत, आणि किल्ली स्वतःजवळ. त्या दिवशी ते साल्याच्या लग्नाला गेले होते. किल्लीसकट.

आमचा नंबर शेवटचा. आत गेलो तेव्हा तीन वाजत आले होते. समितीत चार जण. अध्यक्ष बाहेरून आलेले, वयस्कर, अंगात कोट. कोट त्यांनी का काढला नव्हता ते त्यांनाच ठाऊक. बाकीचे तिघं आमच्या आधीच्या अर्जांच्या प्रतींनी वारा घेत होते.

नानांनी पहिली स्लाइड लावली. तेवढ्यात एक सदस्य म्हणाले, “भामरे, थोडक्यात सांगा. हे घर गार असतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. तुमच्या अर्जात नवीन काय?”

हाच तो प्रश्न. पाच वर्षं वेगवेगळ्या शब्दांत आलेला. मी नानांकडे बघितलं. त्यांचं पाठ केलेलं उत्तर मला माहीत होतं, बारा मुद्द्यांचं. त्यांनी ते दिलंच नाही. पिशवीतून दोन थर्मामीटर काढले, एकाला फडकं बांधलं, समोरच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि दोन्ही टेबलावर उभे करून ठेवले.

“सर, पाच मिनिटं थांबूया.”

एवढं बोलून नाना खाली बसले. मला घाम फुटला, आधी फुटलेला होता त्यावर आणखी. समितीला गप्प बसवून ठेवणारा अर्जदार त्या खोलीने बहुतेक पाहिला नसावा. पंख्याचा तेवढा आवाज येत होता. हळूहळू एक सदस्य पुढे वाकले. मग दुसरे. मग तिसऱ्यांनी चष्मा पुसून घातला.

“किती दाखवतंय?” अध्यक्षांनी विचारलं.

“कोरडा एक्केचाळीस,” पुढे वाकलेले सदस्य म्हणाले.

“आणि तुमच्या त्या मातीच्या घरात आत्ता किती असेल?”

नाना म्हणाले, “अंदाज नको सर, विचारतो.” आणि त्यांनी सरळ फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडे अक्कांची नात. तिने जाऊन बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “कोरडा चौतीस, फडकावाला सव्वीस.” एक सदस्य ते आकडे लिहून घ्यायला लागले.

तेवढ्यात फोन अक्कांनी घेतला. “भाऊ, कोठे शेतस तुम्ही?”

“जळगावला अक्का. मोठे साहेब लोक आहेत सोबत.”

“तठे किती शे?”

“एक्केचाळीस.”

“अरे देवा. मंग तठे काय करी राहिनात? आठे या ना. बठ्ठा जण या. जागा शे.”

सगळ्या समितीला घरी बोलावून अक्कांनी फोन बंद केला.  अध्यक्षांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला, नानांचा अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

“भामरे, घरं किती आहेत तुमच्या यादीत?”

“बावीस, सर.”

“तेवीस करा. ही खोली धरा.”